समता आणि आनंद: ध्यानाला बसणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सात वाजता वीस-पंचवीस माणसं तासभर ध्यानाला बसतात. नंतर चहा होतो, आणि खरे प्रश्न चहाच्या वेळी निघतात. तेच प्रश्न इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकले की वाटलं, उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत. मी भिक्षुणी नाही, आचार्य नाही. नोकरी केली, संसार केला आणि पंचवीस वर्षं रोज बसत आले. सुत्तांतलं, म्हणजे बुद्धांच्या पाली प्रवचनांतलं, आहे ते सुत्तांतलं म्हणून सांगते, माझं आहे ते माझं म्हणून.

उपेक्षा म्हणजे तर दुर्लक्ष. ती वाढवायची कशाला?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो आणि तो रास्त आहे. मराठीत आपण म्हणतो, म्हाताऱ्या आईची उपेक्षा केली, कोकणाची उपेक्षा झाली. पालीतला 'उपेक्खा' मात्र वेगळ्या अंगाने जातो. त्याच्या पोटात 'पाहणं' आहे. जवळ राहून, नीट, कुठल्याच बाजूला न कलता पाहणं. गैरसमज नको म्हणून आम्ही बोलताना 'समता' म्हणतो.

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात याचा एक फार सुंदर दाखला आहे. धर्मानंद कोसंबींनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईतच निघाली. दाखला असा: एका आईला चार मुलं. एक तान्हं, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेला आणि एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्हं वाढावं असं तिला वाटतं, ती मैत्री. आजारी बरा व्हावा, ती करुणा. तरुण मुलाचं भरलेलं रूप टिकावं, ती मुदिता. आणि जो आपलं आपण बघतोय त्याच्या कामात ती उगाच लुडबुड करत नाही, ती उपेक्षा. चौथ्यावरची माया कमी झालेली नाही. ती फक्त त्याच्या मागे मागे धावत नाही.

आता माझं सांगते. माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरापुरता तो कधी संपलाच नाही. भोंगा बंद झाला तरी वडील पहाटे त्याच वेळी उठत, तोंड धुऊन चाळीच्या गॅलरीत येऊन बसत आणि कठड्यावर हात ठेवून उजाडेपर्यंत रस्त्याकडे बघत राहत. चिडत नसत, रडत नसत, कुणाशी भांडत नसत. शेजारी म्हणायचे, "केवढा शांत माणूस!" मलाही तसंच वाटायचं. बऱ्याच वर्षांनी कळलं की ती समता नव्हती. ते बधिर झाले होते. आईने समोर ठेवलेला चहा गार व्हायचा आणि त्यांना पत्ता नसायचा.

बुद्धघोष म्हणतात, प्रत्येक गुणाचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष. ते लगेच ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती उपेक्षेसारखीच दिसते, म्हणून घरात शिरते आणि राहते. दोन्हीतला फरक ओळखायची माझी खूण साधी आहे: त्या शांततेत आनंदाला जागा आहे का? पोर हसलं तर आतून काही हलतं का? हलत नसेल, तर त्या शांततेवर लगेच विश्वास ठेवू नका.

स्मृती म्हणजे नक्की काय लक्षात ठेवायचं?

आत्ता काय चाललं आहे ते. पालीत 'सति', संस्कृतात 'स्मृती'. आपण गॅस चालू ठेवून बोलत बसतो तेव्हा सति सुटलेली असते. दूध उतू जाण्याच्या क्षणभर आधी मान वळते ना, तेव्हा ती परत आलेली असते.

सतिपट्ठान सुत्तात तिची चार क्षेत्रं सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म (इथे त्याचा अर्थ मनात उमटणारे विषय). आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दुसरं क्षेत्र महत्त्वाचं. 'वेदना' या शब्दाने पुन्हा घोटाळा होतो, कारण मराठीत वेदना म्हणजे दुखणं. इथे वेदना म्हणजे कुठल्याही अनुभवाची चव. ती तीन प्रकारची: हवीशी, नकोशी, आणि ना हवी ना नकोशी. हवीशी चव लागली की मन झेपावतं, नकोशी लागली की ढकलतं, तिसरीकडे बघतही नाही. चव लागणं आणि मन झेपावणं यांच्यामध्ये एक फट असते, अगदी केसाएवढी. सगळा सराव ती फट दिसावी म्हणून आहे.

सुरुवात कशी करू?

दहा मिनिटांनी. पंचेचाळीस मिनिटांचा संकल्प सोडणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी गळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चटईवर चादरीची घडी घ्या, तिच्या कडेवर बसा म्हणजे कंबर जरा उंच राहते आणि गुडघे खाली टेकतात. पाठ सरळ, पण ताठर नको. डोळे मिटा. नाकपुडीच्या तोंडाशी, वरच्या ओठाच्या वर, श्वास लागतो तिथे लक्ष ठेवा. आत जाणारा जरा गार, बाहेर येणारा जरा कोमट. तो लांब असेल तर लांब आहे हे जाणा, आखूड असेल तर आखूड. त्याला सुधारायला जाऊ नका. हा प्राणायाम नाही.

दोन-तीन मिनिटांत नाकाला खाज येईल. येतेच. हीच तुमची पहिली शाळा. हात उचलायच्या आधी बघा: खाज नेमकी कुठे आहे? टोचते की चुरचुरते? वाढते आहे का? 'नको' हा शब्द मनात कधी उमटला? कपाळ कधी आकसलं? दहापैकी सात वेळा ती वाढत वाढत टोकाला जाते आणि आपोआप विरते, कुणी काही न करता. उरलेल्या तीन वेळा खाजवा, काही बिघडत नाही. फक्त खाजवताना जाणून खाजवा. नकोशी गोष्ट आली, राहिली, गेली, आणि आपण मोडलो नाही, हे अंगाला एकदा कळलं की बाहेरच्या मोठ्या नकोशा गोष्टींपुढेही ते अंग थोडं वेगळं वागायला लागतं. खाजेपासून सुरुवात करायची, कारण साहेबाच्या बोलण्यापेक्षा खाज सोपी आहे.

मन पळतं. मला ध्यान जमतच नाही.

मन पळालं हे तुम्हाला कळलं ना? जमलं. त्या कळण्यालाच सति म्हणतात. आता न रागावता परत या. दहा मिनिटांत चाळीस वेळा पळालं तर चाळीस वेळा परत या. आमच्याकडे एक रिक्षावाले दादा येतात, ते म्हणाले, "मॅडम, मीटर पुन्हा टाकायचा, एवढंच ना?" एवढंच.

घर दहा बाय बाराचं, पाच माणसं, शेजारी टीव्ही. कुठे बसू?

मुंबईत शांत जागेची वाट बघत बसलात तर रिटायर झाल्यावरच सुरुवात होईल. पाणी यायच्या आधीची वीस मिनिटं बऱ्याच बायकांना सोयीची पडतात. तेवढी वेळ घर झोपलेलं असतं. तेही नसेल तर गच्ची, जिन्याची वरची पायरी, देवळाचा ओटा, विहार. माझ्या माहितीतली एक परिचारिका ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसते.

आवाजाचं म्हणाल तर त्याच्याशी भांडू नका. कुकरची शिट्टी झाली, आवाज झाला, संपला. 'अजून दोन व्हायच्यात' हा विचार आला, विचार आला, संपला. गणपतीत आणि लग्नसराईत स्पीकर असह्य होतो, तेव्हा त्या दिवशी बसू नका, चाला. पावलं टेकणं, उचलणं, टेकणं. चालण्याचं ध्यानही सुत्तांतच सांगितलेलं आहे, ती सवलत नव्हे.

लोकलमध्ये करता येतं का?

येतं, आणि समतेसाठी लोकलपेक्षा चांगला वर्ग मला माहीत नाही. डोळे मात्र मिटू नका. पाकीट, मोबाइल आणि उतरायचं स्टेशन तिन्ही सांभाळायचं असतं.

जुलै महिन्यातली एक सकाळ सांगते. विक्रोळीहून स्लो पकडली, बायकांच्या डब्यात उभी होते. कुर्ल्याला लोंढा आत आला. शेजारच्या बाईच्या छत्रीचं पाणी माझ्या उजव्या पायावर ठिबकायला लागलं. थेंब चपलेच्या पट्ट्यापाशी पडायचा, अंगठ्याकडे ओघळायचा आणि बोटांच्या बेचक्यात साचायचा. गार. आधी नुसतं गार होतं. मग त्याच्यावर 'नको' चढलं. मग 'हिला कळत नाही का' आलं. मग जबडा आवळला गेला, खांदा वर आला, आणि शीव येईपर्यंत मनातल्या मनात माझं त्या बाईशी पूर्ण भांडण होऊन गेलं होतं. मग लक्षात आलं. पुन्हा पायावर आले. गार, ओलं, थेंब. खांदा आपोआप खाली आला. आणि मग मी तिला म्हटलं, "ताई, छत्री जरा इकडे घेता का?" ती म्हणाली, "अगंबाई, सॉरी हं," आणि छत्री फिरवली.

हे मुद्दाम एवढं सांगितलं, कारण लोकांना वाटतं समता म्हणजे पाय भिजू देणं. छत्री बाजूला घ्या म्हणून सांगायचंच. भांडण आधी आत विरलं म्हणून ते सांगणं नीट शब्दांत आलं, एवढाच फरक.

बौद्ध धम्म तर दुःखाबद्दल बोलतो. त्यात आनंद कुठे आला?

हा गैरसमज दूर करायला मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो.

मज्झिम निकाय या सुत्तांच्या संग्रहात बुद्ध स्वतःच सांगतात. त्यांनी शरीर जाळलं, अन्न टाकलं, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागे अशी अवस्था झाली. हाती काही आलं नाही. तेव्हा त्यांना लहानपणचा एक प्रसंग आठवला. वडील शेतात कामात होते आणि हा मुलगा जांभळीच्या गार सावलीत एकटा बसला होता. काही मिळवायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. मन आपोआप स्थिर झालं आणि त्यातून आनंद उमलला. ती आठवण आल्यावर त्यांनी स्वतःला विचारलं: वासनेशी आणि वाईटाशी ज्याचा संबंध नाही, त्या सुखाला मी का भितो आहे? मग त्यांनी अन्न घेतलं. बोधीकडे जाणारं वळण तिथे आहे, एका पोराच्या जांभळीखालच्या आनंदात.

पुढच्या शिकवणीतही तो आनंद ठिकठिकाणी आहे. आनापानसति सुत्तात श्वासाच्या सोळा पायऱ्या आहेत. पाचवी प्रीती, म्हणजे उसळून येणारा आनंद, जाणत श्वास घेण्याची, सहावी सुख जाणत. बोधीची सात अंगं सांगितली आहेत, त्यांचा क्रम बघा: सति, धम्मविचय म्हणजे पारखून बघणं, वीर्य म्हणजे नेटाचा प्रयत्न, प्रीती, प्रश्रब्धी म्हणजे निवणं, समाधी, आणि शेवटी उपेक्षा. प्रीती चौथी, उपेक्षा सातवी. आनंद आधी येतो आणि त्याच्यातून पुढे जाऊन समता पिकते. ज्यांना आनंद टाळून थेट समतेवर उडी मारायची असते ती माणसं कोरडी होतात. मी काही वर्षं तशीच झाले होते. कुणाच्या लग्नात गेले तरी मनात 'सगळं अनित्य' चालू असायचं. माझ्या बहिणीने एकदा तोंडावर सांगितलं, "तुझ्यापेक्षा तुझी ध्यान न करणारी नणंद बरी, ती निदान नवरीकडे बघून हसते." ते लागलं, आणि बरं झालं लागलं.

प्रीती आणि सुख, फरक काय?

विसुद्धिमग्गातलाच दाखला: वाळवंटात तहानेने जीव गेलेल्या माणसाला दूरवर पाणी दिसतं तेव्हा जी उसळी येते ती प्रीती. पोचून, पाणी पिऊन, झाडाखाली बसल्यावर जे वाटतं ते सुख. ध्यानात प्रीती कधी अंगावर काट्यासारखी येते, कधी छाती हलकी होते, कधी डोळ्यांत पाणी येतं. आली तर येऊ द्या. नाही आली तर तिची वाट बघू नका; वाट बघत बसलं की ती हमखास येत नाही.

दुसऱ्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. खरं सांगू का, लाज वाटते.

लाज नको. पोटात दुखतं हे तुम्हाला दिसतं आहे, म्हणजे अर्धं काम झालं.

दुसऱ्याच्या भल्याने होणारा आनंद म्हणजे मुदिता. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार गुणांना ब्रह्मविहार म्हणतात, त्यांत मला हाच सगळ्यात अवघड गेला. माझ्या जाऊबाईंनी ठाण्याला दोन बेडरूमचं घर घेतलं तेव्हा मी वास्तुशांतीला पुरणपोळ्या लाटल्या आणि परत येताना रिक्षात नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बसले तर छातीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा गोळा. त्याला 'मत्सर' असं नाव दिलं आणि त्याच्याजवळ बसून राहिले. त्याच्याखाली दुसरंच होतं: आम्ही दोघांनी आयुष्यभर राबून हप्ते फेडले, आणि ते कुणी बघितलं नाही, हे दुःख. ते दिसल्यावर गोळा सैल झाला. जाऊबाईंचा त्यात काहीच दोष नव्हता.

सराव असा: जाऊबाईंपासून सुरुवात करू नका. जुन्या परंपरेत मुदितेची सुरुवात अशा जवळच्या सोबत्यापासून करायला सांगितली आहे, जो मुळातच हसतमुख आहे. त्याचा चेहरा आठवा. मनात म्हणा, "तुझं हे सुख टिको, वाढो." तिथे मन ओलं झालं की मग ओळखदेख असलेला कुणीतरी, रोजचा भाजीवाला चालेल. जिच्यामुळे पोटात दुखतं ती व्यक्ती सगळ्यात शेवटी, आणि तीही आठवड्या-दोन आठवड्यांनी.

वडिलांची गोष्ट अर्धी राहिली होती. ते पुढे संध्याकाळचे विहारात जाऊन बसायला लागले. काय करत, कधी विचारलं नाही. एक दिवस संध्याकाळी जिना चढताना त्यांच्या हातात कागदाचा पुडा होता. शेजारच्या पोराला दहावीत फर्स्ट क्लास मिळाला होता, आणि ज्या घरात महिन्याअखेरीला साखर उसनी आणावी लागे त्या घरातला माणूस त्याच्यासाठी पावशेर पेढे घेऊन आला होता. पोराच्या तोंडात पेढा भरवताना ते हसले. माझ्या आठवणीत संपानंतरचं ते पहिलं हसू.

समता म्हणजे अन्याय झाला तरी गप्प बसायचं का?

नाही. अजिबात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे दहा गुण, समजावताना उपेक्षेचा अर्थ फार नेमका सांगितला आहे: ही अलिप्तता औदासीन्याहून वेगळी आहे, फळ काय मिळतं याने विचलित न होता प्रयत्न मात्र चालू ठेवायचा. ज्यांनी महाडचं तळं आणि काळाराम मंदिराचा लढा चालवला, त्यांनी हे लिहिलं आहे. त्यामुळे समतेच्या नावाने कुणी तुम्हाला गप्प बसवत असेल तर ती समता नाही.

मुंबईत या गोष्टीचा एक खास धोका आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक गळाभर पाण्यातून चालले, अनोळखी लोकांना घरात घेतलं, बिस्किटं वाटली. ती करुणा होती, खरी. पण तेव्हापासून दर पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की आपण 'चालायचंच' म्हणतो आणि त्याला मुंबईकरांची जिद्द म्हणून मिरवतो. 'चालायचंच' हा उपेक्षेचा जवळचा शत्रू आहे. तुंबलेल्या नाल्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात द्या, पावती घ्या, पुन्हा जा, पुन्हा जा. जाताना डोक्यात तिडीक नसेल तर सातव्यांदा जायची ताकद उरते. समतेचा उपयोग मला तिथे दिसतो.

म्हणजे मला राग येणारच नाही?

येईल. सल्लत्थ सुत्तात दोन बाण सांगितले आहेत. पहिला बाण लागतो तो शरीराचं दुखणं, प्रसंगाचं दुखणं. दुसरा आपण स्वतः मारून घेतो: माझ्याच वाट्याला का, त्याने असं करायलाच नको होतं, आता कसं होणार. पहिला बाण सरावाने थांबत नाही. दुसरा उशिरा सुटायला लागतो, कधी अर्ध्यात गळून पडतो. पूर्वी माझा राग तीन दिवस टिकायचा, आता बहुधा तीन तास. मला तेवढंही खूप मोलाचं वाटतं.

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख या आठ गोष्टी जगाबरोबर फिरत राहतात असं अंगुत्तर निकायात म्हटलं आहे, आणि त्या बुद्धांच्या श्रावकांनाही चुकत नाहीत. स्तुतीकडे विशेष लक्ष ठेवा. निंदेने आपण हललो हे पटकन कळतं, स्तुतीने हललो ते कळतच नाही.

विपश्यना आणि माइंडफुलनेस एकच का?

मूळ एक, वापर वेगळा. दवाखान्यांत आणि कंपन्यांत जे शिकवतात त्यातलं बरंचसं जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमातून आलेलं आहे. त्याने लोकांना फायदा होतो, मला त्याचा आदर आहे. पण त्यात शील, म्हणजे सदाचरण, सहसा मागे पडतं. दिवसभर खोटं बोलून, कुणाला तरी फसवून संध्याकाळी वीस मिनिटं श्वास बघितला तर मन निवत नाही. ते हिशेब लपवण्यात गुंतलेलं असतं. पंचशील मी नीतीचा धडा म्हणून सांगत नाही, ध्यानाची पूर्वतयारी म्हणून सांगते.

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करावं का?

जमत असेल तर जरूर, पण पूर्ण माहिती घेऊन. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि भारतातलं त्यांचं पहिलं शिबिर जुलै १९६९ मध्ये इथे मुंबईतच झालं. आज इगतपुरीचं धम्मगिरी त्या परंपरेचं मोठं केंद्र आहे. पहाटे चारला उठायचं, रोज साधारण दहा तास बसायचं, मौन, मोबाइल जमा. पहिले साडेतीन दिवस श्वास, मग संपूर्ण शरीरावरच्या संवेदना, दहाव्या दिवशी मैत्री. फी नाही, शिबिर पुरं केलेल्यांच्या दानावर चालतं.

दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं असं बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे, मलाही वाटलं होतं. घरी दहा मिनिटंही न बसलेल्याने थेट तिथे जाऊ नये असं माझं मत आहे. महिनाभर रोज बसा, मग अर्ज भरा.

मुंबईत बसायला कुठे जावं?

गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा. २००९ साली खुला झाला. मधल्या घुमटाखाली एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून तो उभा केला आहे आणि सुमारे आठ हजार माणसं एकत्र बसू शकतात. बोरिवलीहून गोराई जेट्टीला जाऊन बोटीने खाडी ओलांडायची. वरळीच्या जपानी बुद्ध मंदिरात ढोलाच्या तालावर जप चालतो. ज्यांना श्वासावर टिकता येत नाही त्यांना तो नाद धरून ठेवतो. चैत्यभूमीला ६ डिसेंबर सोडून एखाद्या साध्या दिवशी पहाटे जा.

माझं स्वतःचं ठिकाण कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून जास्त लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून शेकडो वर्षं भिक्षूंनी वस्ती केलेली. मोठ्या चैत्यात गर्दी असते, तिकडे नका थांबू. वरच्या बाजूच्या लहान विहारांत जा. भिंतीलगत कातळातच कोरलेला ओटा असतो, एका माणसाला पुरेल एवढा. शेजारी पाण्याची टाकी, शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटलं आहे. पावसाळ्यात त्या ओट्यावर बसलं की पायऱ्यांवरून पाणी वाहण्याचा आवाज येतो आणि बेसाल्टचा गारवा साडीतून पाठीला लागतो. इथे कुणीतरी माझ्यासारखंच खाज सुटलेलं नाक घेऊन बसलं असेल, या विचाराने मला दर वेळी आनंद होतो. सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा.

धर्म बदलावा लागतो का?

नाही. आमच्याकडे माळकरी येतात, चर्चला जाणारे येतात, काहीच न मानणारेही येतात.

मांडी घालता येत नाही.

खुर्चीवर बसा. पावलं जमिनीला टेकवा, पाठ टेकू नका.

डोळे मिटले की झोप लागते.

आधी बघा झोप पुरी होते का. पहाटे साडेपाचची लोकल पकडून रात्री अकराला घरी येणाऱ्याला मी ध्यान सांगत नाही, झोप सांगते. झोप पुरी असून डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, तोंडावर पाणी मारा, उभं राहून करा.

बसल्यावर जास्तच त्रास व्हायला लागला तर?

थोडी अस्वस्थता, जुनं रडू वर येणं, हे होतं. पण झोप उडाली, भीतीचे झटके यायला लागले, आवाज ऐकू यायला लागले, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ध्यान त्याच दिवशी थांबवा. 'अजून जोर लावून बस' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सांगणारा कितीही जुना साधक असो. डोळे उघडा, घरच्यांजवळ बसा, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. मानसिक आजारासाठी चालू असलेली गोळी ध्यान सुरू केलं म्हणून बंद करू नका. हा मुद्दा मी दर रविवारी सांगते, आणि सांगत राहीन.

किती दिवसांत फरक पडेल?

सोण नावाचा भिक्षू चालण्याचं ध्यान करून करून पायांतून रक्त येईपर्यंत थकला आणि घरी परतायचा विचार करू लागला. पूर्वाश्रमी तो वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? फार सैल सोडल्या तर? तुमची तार आज कशी आहे ते रोज बसायच्या आधी एकदा बघा. रात्रपाळी करून आला असाल तर पाच मिनिटं. सुट्टी असेल तर अर्धा तास.

फरक तुमच्याआधी घरच्यांना कळतो. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांना तीन महिन्यांनी नातीने विचारलं, "आजोबा, हल्ली तुम्ही दार हळू लावता?" त्यांना माहीतच नव्हतं.

रविवारी यायला काय लागतं?

बसायला चादर घरून आणा, हॉलमधल्या सतरंज्या पावसाळ्यात दमट असतात. सातला दार लावतो ते आठलाच उघडतं, तेव्हा पाच मिनिटं आधी या. चहा बिनसाखरेचा हवा असेल तर आधी सांगा.